औंढा नागनाथ: नंदी देवळाच्या मागे का?

कयाधूकाठ

मागच्या आठवड्यात लेकीला घेऊन औंढ्याला जाऊन आले. लेक आठवीत आहे, सगळं वाढणं मुंबईतलं, आणि शंकराचं देऊळ म्हणजे आधी नंदी, त्याच्या शिंगांमधून पिंड बघायची, एवढं तिला पक्कं ठाऊक. इथे समोर नंदीच नाही. देवळाला वळसा घातला तर तो मागे, वेगळ्या मंडपात, देवळाच्या पाठीकडे बघत बसलेला. लेक म्हणाली, "आई, ह्याला वर्गाबाहेर उभं केलंय का?"

मग मी तिला आजीची गोष्ट सांगितली. नामदेव महाराज औंढ्याला आले, देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. गर्दी एवढी झाली की पुजाऱ्यांना अभिषेकाला आत जाता येईना. ते म्हणाले, इथे गलका नको, मागे जाऊन काय ते करा. नामदेव मागे गेले, रडत रडत गायला लागले, आणि देऊळच गर्रकन फिरलं. पूर्वेचं दार पश्चिमेला आलं. नंदी बिचारा होता तिथेच राहिला.

इथवर मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मी धागा काढला तो पुढच्या गोष्टीसाठी. आमच्या सोसायटीत एक शीख आजी आहेत. त्यांना सहज म्हटलं, औंढ्याला जाऊन आले, तर त्या तिथल्या तिथे म्हणायला लागल्या:

"हसत खेलत तेरे देहुरे आइआ, भगति करत नामा पकरि उठाइआ। हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ, छीपे के जनमि काहे कउ आइआ।"

हे गुरू ग्रंथसाहिबातलं नामदेवांचं पद. हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत असताना मला धरून उठवलं. माझी जात हीन, यादवराया, मी छीप्याच्या जन्माला का आलो? मग घोंगडी घेऊन तो मागे जाऊन बसतो आणि देऊळ फिरतं.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच चाललंय. आजीच्या गोष्टीत गर्दी होती, गलका होता, अभिषेकाची घाई होती. जात कुठेच नव्हती. हजार मैलांवर पंजाबात ती राहिली आणि औंढ्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या आमच्या घरात गळून गेली? तुम्ही ही गोष्ट कशी ऐकली आहे? आणि कोणाला बांधकामातलं कळत असेल तर तेही सांगा, नंदी मुळातच तिथे होता का?

भटकभवानी

वाचतेय. पहिला नंबर माझा.

अवांतर: तिथली सासू-सुनेची बारव बघितलीत का? आमच्याकडे सासू आणि सून दोघींनाही दाखवून आणली, परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही.

दगडधोंडे

बांधकामाचं मला जेवढं कळतं तेवढं लिहितो.

आत्ता दिसतं ते देऊळ यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं धरतात. आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो, पण हेमाद्री देवगिरीच्या दरबारात यायच्या आधीपासून ही पद्धत चालू होती, त्यामुळे त्या शब्दावर फार भार टाकू नका. औंढ्याला गेल्यावर मान खाली ठेवून बघा. गंमत सगळी खालच्या अर्ध्या भागात आहे. तारकाकृती खाचाखोचांची भिंत, हत्तींची रांग, अर्धनारीश्वर, नटराज, कैलास हलवणारा रावण. खांद्याच्या वर पाहिलंत तर एकदम वेगळंच देऊळ सुरू होतं, विटा-चुन्याचं, पांढरं. खालचा काळा दगड आणि वरचं पांढरं शिखर यांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे शाळकरी पोरालाही दिसतं. वरचा भाग पाडला गेला आणि फार नंतर पुन्हा उभा राहिला. लोक पाडण्याचं नाव औरंगजेबाचं घेतात आणि उभारण्याचं अहिल्याबाईंचं.

आता दिशा. शिवमंदिर पूर्वाभिमुख असावं हा साधारण संकेत, पण पश्चिमेकडे तोंड असलेलं शिवमंदिर म्हणजे काही आक्रीत नव्हे. अंबरनाथचं देऊळ १०६० चं, तेही पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिथेही गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. म्हणजे औंढ्याची खाली उतरायची पद्धतही एकटी नाही (औंढ्याची उतरण मात्र भलतीच अरुंद आहे, पोट असलेल्यांनी सांभाळून).

नंदीचं मात्र नवल आहे खरं. सिन्नरचं गोंदेश्वर बघा, तेही यादवकाळातलंच, तिथे नंदीमंडप अगदी शिस्तीत समोर. औंढ्यात मंडप मागे का, याचं बिनचमत्काराचं उत्तर असं असू शकतं की पडझडीनंतर दारं, वाटा, वापर बदलले आणि नंदी आधीच्या रचनेतला राहून गेला. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून वापरू नका.

पोथीनिष्ठ

मुळात औंढा हे ज्योतिर्लिंग आहे हे इथे सगळे गृहीत धरून चाललेत, म्हणून थोडं. "सेतुबन्धे तु रामेशं नागेशं दारुकावने" हे सगळ्यांना पाठ असतं, पण दारुकावन कुठलं? दावेदार तीन: आपलं औंढा, द्वारकेजवळचं नागेश्वर आणि अल्मोड्याकडचं जागेश्वर. जागेश्वरवाले दारू म्हणजे देवदार असं म्हणतात, आणि तिथे देवदार आहेतही भरपूर. पण आद्य शंकराचार्यांच्या नावावरचं दुसरं ज्योतिर्लिंगस्तोत्र काढा: "याम्ये सदङ्गे नगरेऽतिरम्ये… श्रीनागनाथं शरणं प्रपद्ये". याम्य म्हणजे यमाची दिशा, दक्षिण. द्वारका दक्षिणेत नाही, अल्मोडा तर नाहीच. आणि नाव बघा, नागेश्वर नाही, नागनाथ. विषय संपला.

बडोदेकर

विषय एवढ्यात कसा संपेल! शिवपुराणातली कथा वाचा. दारुका नावाची राक्षसी, तिला पार्वतीचा वर असा की ती जाईल तिकडे तिचं सोळा योजनांचं वन तिच्याबरोबर जाईल. (हे वन फिरतं, ते देऊळ फिरतं, नागनाथाच्या गोष्टीत काहीच जागेवर राहत नाही.) और्व ऋषींचा शाप आल्यावर राक्षसांना पृथ्वीवर राहायची सोय उरली नाही, तेव्हा तिने सगळं वन उचलून समुद्रात नेलं. पुढे होड्यांतून जाणारी माणसं राक्षसांनी पकडली, त्यांत सुप्रिय नावाचा वैश्य होता. त्याने कैदेत पार्थिव लिंग करून पूजा मांडली, बाकीच्या कैद्यांनाही शिकवली. राक्षस मारायला आले तेव्हा शंकर प्रकट झाला. वन पश्चिम समुद्राजवळचं असं तिथे स्पष्ट म्हटलंय. आता हिंगोली जिल्ह्यात समुद्र दाखवा आणि मग आपण याम्येबद्दल बोलू.

पोथीनिष्ठ

वन फिरत होतं हे तुम्हीच लिहिलंत. फिरत फिरत औंढ्याला आलं.

बडोदेकर

हा हा, घेतलं. दंडवत.

भटकभवानी

औंढ्याची स्वतःची पण एक आहे ना, पांडवांची? वनवासात असताना त्यांच्या गाई नदीवर पाणी प्यायला जायच्या आणि पान्हा आपोआप पाण्यात सोडायच्या. भीमाने ते पाहिलं, शोध घेतला तर खाली लिंग. मग धर्मराजाने देऊळ बांधलं. मला आमच्या मामीने ही सांगितली होती, नामदेवांची नंतर कळली.

कयाधूकाठ

हो, ही पण ऐकलेली आहे. गाय आणि पान्हा तर निम्म्या महाराष्ट्रातल्या स्वयंभू पिंडींच्या गोष्टींत असतो, म्हणून मी ती लिहिली नाही. पण मंडळी, नागेश कुठला यावर वेगळा धागा काढा ना, हात जोडते. मला विचारायचंय ते फिरण्याबद्दल. आणि हाकलण्याबद्दल.

टाळकरी

ताई, तुमच्या आजीबद्दल आदर ठेवून बोलतो, पण आमच्याकडे जात गळालेली नाही. मी चौदा वर्षं वारी करतोय. शिवरात्रीच्या कीर्तनात हा प्रसंग आला की महाराज मंडळी स्वच्छ सांगतात, शिंप्याचं पोर म्हणून मागं घातलं. काही जण गर्दीवर निभावून नेतात हे खरं. समोर यजमान कोण बसलाय त्यावर असतं ते.

पण तुम्ही गोष्टीचा एकच तुकडा घेतलात. औंढ्याला नामदेव पहिल्यांदा येतात ते गुरू शोधत. तेरढोकीला गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना म्हणाले, हे मडकं कच्चं. देवाशी रोज बोलणारा माणूस, केवढा अपमान! पंढरीला येऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणं केलं तर देवही म्हणाला, खरं आहे त्यांचं, विसोबा खेचराकडे जा. नामदेव नागनाथाच्या देवळात येतात आणि बघतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेला. "अहो, पाय काढा." म्हातारा म्हणतो, "माझ्यानं होत नाही, तूच उचल आणि जिथं देव नसेल तिथं ठेव." नामदेव पाय उचलून बाजूला ठेवतात, तिथं पिंड. दुसरीकडे ठेवतात, तिथं पिंड.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकाच देवळातल्या आहेत. एकदा पाय कुठंही ठेवला तरी खाली देव, एकदा भक्त कुठंही बसला तरी समोर देव. विसोबांनी शिकवलं ते नामदेवांना तोंडानं कळलं होतं, मागं जाऊन बसायची वेळ आल्यावर अंगानं कळलं. आमचे महाराज असं जोडतात, मला ते पटतं.

विसोबांची समाधी बार्शीला आहे, कधी गेलात तर तिथंही डोकं टेका.

दगडधोंडे

टाळकरीबुवा, झकास. त्यावरून एक हिशेब सुचला.

नामदेवांचा जन्म १२७०, समाधी १३५०. ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा झाली ती अर्थातच १२९६ च्या आधी. देऊळ तेराव्या शतकातलं धरलं तर ते तेव्हा जुनंपुराणं नव्हतंच. दगडाच्या कडा अजून बोथट झालेल्या नसतील, बांधकामावर राबलेली माणसं कदाचित गावात हयात असतील. राजाच्या पैशानं बांधलेलं कोरं देऊळ, आणि विशी-पंचविशीतल्या एका शिंप्याच्या पोराला तिथून उठवलं. आपण गोष्ट ऐकताना डोळ्यासमोर प्राचीन, शेवाळलेलं देऊळ आणतो. मी तरी आणत होतो.

प्रश्नचिन्ह

चांगली चर्चा. फक्त एक नम्र शंका: अख्खं दगडी देऊळ पायापासून फिरलं असेल तर जमिनीला थोडा तरी हादरा बसला असेल? योगायोग असा की त्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याला, लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि दूरच्या आकाशगंगेत दोन कृष्णविवरं आदळली तर त्यांच्या लहरी पकडणार. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजतं ते यंत्र. सातशे वर्षं आधी बसवलं असतं तर नामदेवांची नोंद पक्की झाली असती.

टाळकरी

नोंद झाली की राव. फक्त यंत्रात नाही, अमृतसरला. १६०४ साली.

प्रश्नचिन्ह

यावर माझ्याकडे उत्तर नाही. चहा माझ्याकडून.

कयाधूकाठ

टाळकरीदादांनी म्हटलं ते थोडं वाढवते. त्या शीख आजींकडे परत गेले होते. आदिग्रंथाचं (गुरू ग्रंथसाहिबाचं पहिलं रूप) संकलन गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये केलं, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. देऊळ फिरल्याचा उल्लेख एका नाही, निदान दोन पदांत आहे. वर लिहिलं ते भैरव रागातलं. दुसरं मल्हारात आहे आणि ते जास्त बोचतं: "सूदु सूदु करि मारि उठाइओ, कहा करउ बाप बीठुला". शूद्र शूद्र म्हणून मारून उठवलं, आता काय करू, बापा विठ्ठला? आणि शेवटी: "फेरि दीआ देहुरा नामे कउ, पंडीअन कउ पिछवारला". नाम्याकडे देऊळ फिरवलं, पंडितांच्या वाट्याला पाठ.

'पिछवारला'! शेवटचा 'ला' आमच्या घरचा वाटला. मारल्याचं मात्र आजीनं कधीच सांगितलं नव्हतं.

पदात गावाचं नाव नाही, फक्त देहुरा आहे. पण शीख यात्रेकरू नांदेडला हुजूर साहिबला आले की त्यांतले कितीतरी नामदेवांचं जन्मगाव मानतात त्या नरसीला आणि औंढ्याला येतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. पगडीवाले लोक आमच्या शंकराच्या देवळात कशाला येतात, असं तेव्हा वाटायचं. ते नंदी बघायला येत होते.

घुमानवारी

२०१५ च्या साहित्य संमेलनाला मी घुमानला होतो, पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात. नामदेव उतारवयात तिथे राहिले असं मानतात. तिथल्या साध्या शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "आप बाबा नामदेव के देस से?" आणि पुढचा प्रश्न, "वो मंदिर अभी भी घूमा हुआ है?" मी पुण्याचा. औंढा कधी पाहिलेलं नव्हतं. हो म्हणून वेळ मारून नेली, आजपर्यंत लाज वाटते.

छीपा म्हणजे शिंपी का, यावरही तिथे बोलणं झालं होतं. उत्तरेत छीपा म्हणजे कापडावर छापकाम करणारा. आपल्याकडे शिंपी. कामं शेजारशेजारची, शब्द वेगळे.

बंगळुरूकर

उडुपीचं कोणी आणलं नाही अजून, म्हणून मी आणतो. सोळाव्या शतकातले कनकदास, धनगर समाजातले. त्यांना कृष्णाच्या देवळात आत सोडलं नाही, ते मागच्या बाजूला उभं राहून गात राहिले. मूर्ती फिरून पश्चिमेकडे झाली, भिंतीला भगदाड पडलं आणि देवानं दर्शन दिलं. ती खिडकी अजून आहे, 'कनकन किंडी' म्हणतात. आजही भाविक आधी त्या खिडकीतून बघतात.

आणखी खाली तमिळनाडूत नंदनार. त्यांना देवळाबाहेरूनच बघायची मुभा, आणि मध्ये नंदी आडवा. शंकर नंदीला म्हणाला, जरा सरक. तिरुप्पुंगूरचा नंदी अजून मध्यापासून बाजूला बसलेला दाखवतात.

तीन प्रांत, तीन भाषा. देऊळ फिरतं, मूर्ती फिरते, नंदी सरकतो. जे हलायला हवं होतं ते मात्र तिन्ही ठिकाणी हललेलं दिसत नाही. कनकदासांसाठी देवानं भिंत फोडली, पण दार कोणी उघडलं नाही ना!

पोथीनिष्ठ

हे शेवटचं वाक्य जरा अन्यायाचं वाटतं. परंपरेनंच या गोष्टी जपल्या. विसरायच्या असत्या तर नंदी कधीच उचलून समोर नेऊन ठेवता आला असता. दुरुस्त्या झाल्या, शिखर नवं झालं, नंदी हलवला नाही.

दगडधोंडे

पोथीनिष्ठ, याला मात्र +१. एवढा मोठा जीर्णोद्धार करणाऱ्याला एक नंदीमंडप जड नव्हता.

बंगळुरूकर

मान्य. आधीचं वाक्य मागे घेत नाही, पण हेही मान्य.

चुलीवरची

मी औंढ्याच्या अगदी जवळच्या गावची. तुम्ही सगळे लई मोठं मोठं लिहायलेत, मी आपली साधी गोष्ट सांगते. आमच्याकडं सून नवीन आली की तिला देवळात नेतात आणि मागं नंदीपाशी बसवतात. दमली असंल म्हणून. समोर गर्दी असती, मागं वारा असतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "मागं बसायला लाजायचं नाही बरं का, इथं मागचंच पुढं झालंय."

शिवरात्रीनंतर पाचव्या दिवशी रथ निघतो, देवळाभोवती पाच फेरे. तो बघायला या. रथ नंदीपाशी आला की आमच्यातल्या म्हाताऱ्या बाया रथाकडं पाठ करून आधी नंदीला हात जोडतात. काहून ते कोणी सांगत नाही.

कयाधूकाठ

चुलीवरची, तुमचं वाचून मी थेट मावशीला फोन लावला. मावशी ऐंशीच्या पुढे, वसमतला असते. विचारलं, आजी औंढ्याची गोष्ट कशी सांगायची? तिनं सुरुवात केली: "एक होतं शिंप्याचं पोर…"

मी मध्येच थांबवलं. म्हटलं, आजी गर्दीचं सांगायची ना? मावशी म्हणाली, "गर्दीचं तुम्हा पोरांना सांगायची. तुम्ही मुंबईहून सुट्टीला यायचात, शेजारी खेळायला जायचात, तिथं जाऊन काय बोलाल याचा नेम नव्हता. आम्हाला नीट सांगितलेलं आहे. धरून उठवलं, ढकललं, टाळ तोडला." टाळ तोडल्याचं मी अजून कुठेच ऐकलं नव्हतं.

तेव्हा पहिल्या पोस्टमधलं माझं वाक्य चुकलं. पंजाबात राहिलं आणि आमच्याकडे गळालं असं नाही. आमच्याच घरात दोन गोष्टी होत्या, मला धाकटी मिळाली होती. टाळकरीदादा, तुमचं बरोबर होतं. समोर कोण बसलंय त्यावर असतं.

लेकीला दोन्ही सांगितल्या. तिचा प्रश्न: "मग नंदीला कोणी विचारलं का, तुला फिरायचं होतं का?"

भटकभवानी

लेकीला इथे सदस्य करून घ्या, आमच्यापेक्षा बरे प्रश्न विचारते.

घुमानवारी

पुढच्या महिन्यात जायचं पक्कं केलं. पुण्याहून रेल्वेनं कुठे उतरावं?

चुलीवरची

परभणीला उतरा, तिथून औंढ्याला एसटी मिळती, साधारण पन्नास किलोमीटर. हिंगोलीहून आलात तर पंचवीसच. जाताना नरसी करा, कयाधूच्या काठावर आहे. आणि हळद शिजायच्या दिवसांत आलात तर वसमतच्या रस्त्यानं या, गाडीच्या काचा उघड्या ठेवून.